भिगवणला पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

भिगवणहून परतलेल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते, "रोहित (फ्लेमिंगो) दिसलेच नाहीत." बहुतेक वेळा गडबड तारखेत असते, कारण ती पाणी न बघता ठरवलेली असते. भिगवणचे पक्षी उजनी धरणाच्या साठलेल्या पाण्यावर येतात आणि हे धरण पावसाळ्याच्या शेवटी बहुधा तुडुंब असतं. मग कालव्यात आणि सोलापूरसाठी नदीत पाणी सोडत गेलं की पातळी उतरते आणि काठाचा गाळ उघडा पडतो. त्या उथळ पाण्यात रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून बारीकसारीक खाद्य गाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला पाय टेकायला जागाच नसते.

म्हणून दिवाळीच्या सुटीत रोहितांची आस धरून जाऊ नका. साधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. तरीही निघण्याआधी धरणाची टक्केवारी बघा. 'उजनी उणे' अशी बातमी वाचून धरण आटलं असं समजणारे आणि बेत रद्द करणारेही पुष्कळ आहेत. एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे तळाचा साठा आहे आणि टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. आकडा उणे झाला तरी पाणी असतं आणि गाळही उघडा असतो. अडचण एवढीच की पातळी फार खाली गेली तर होडी काठाला लागत नाही, चिखल तुडवत जावं लागतं. कुंभारगाव किंवा डिकसळच्या होडीवाल्या दादांना आदल्या दिवशी फोन करून "पाणी कुठवर आहे, पक्षी कोणत्या अंगाला आहेत?" एवढं विचारून घ्या.

सकाळी दहाला पोचणं ही दुसरी मोठी चूक. तोवर पाण्यावर उन्हाची झळ नाचायला लागते. महागडी लेन्स असली तरी फोटो धूसर येतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. उजाडता होडीत बसा, सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने न्यायला सांगा.

होडीत बसताना

वारा हा इथला खरा धोका आहे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं की पाणी बघता बघता खवळतं. होडीवाला नको म्हणाला तर जादा पैशांचं आमिष दाखवू नका, त्याचं ऐका. लाइफ जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवून उपयोग नाही, पट्टे छातीवर आवळून लावा, लहान मुलांना त्यांच्या मापाचंच मागा. आणि पक्षी दिसला की सगळे एकदम उठून एकाच बाजूला धावतात, ते कटाक्षाने टाळा.

"दादा, जरा उडवा ना, उडताना फोटो हवाय" ही मागणी तर बंदच व्हायला हवी. चरणारा थवा उठवला की त्याचं खाणं तुटतं आणि ताकद वाया जाते. दिवसभरात अशा दहा होड्या आल्या तर पक्ष्यांनी पोट भरायचं कधी? जाणता होडीवाला लांबूनच इंजिन बंद करतो आणि बांबूने हळूहळू होडी रेटत नेतो. तुम्ही हलला नाहीत तर पक्षी चरत राहतात आणि उडायचं तेव्हा आपणहून उडतात.

रोहित नसलेच तर तोंड पाडून परत फिरू नका. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाकांच्या जोड्या, चित्रबलाक, मोर शराटी, नदी सुरय, नशीब असेल तर पाण्यावर झेप घेऊन मासा उचलणारा ऑस्प्रे, हे सगळं त्याच पाण्यावर आहे. हाताशी वेळ असेल तर कडबनवाडीचं माळरानही इंदापूर तालुक्यातच आहे. तिथे वनखात्याचे नियम पाळून चिंकारा बघता येतो.

तंबू आणि गळ

काठाची मोकळी, सपाट जागा बघून तंबू ठोकू नका. ती बहुधा गाळपेर जमीन असते. पाणी उतरलं की शेतकरी तिथे पीक घेतो. शिवाय वरून वाळलेला दिसणारा गाळ आत लिबलिबीत असतो, गाडी रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. मुक्काम गावातल्या घरगुती सोयीत करा, पहाटे होडीही वेळेवर मिळते. पोहायला उतरू नका. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नदीवाटे इथवर येतं, खाली चिखल आणि तुटकी जाळी असतात.

गळ टाकायचा असेल तर आधी परवानगीचं विचारा. हे पाणी मच्छीमारांच्या रोजीरोटीचं आहे, लावलेल्या जाळ्याजवळ तर मुळीच जाऊ नका. तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात सोडू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. मासा खायचाच असेल तर भिगवणमध्ये ताजी चिलापी तळून मिळते.