हार्ड रॉक कॅफेत बसण्याआधी वर बघा, उठण्याआधी बिल बघा

अमेरिकेत हार्ड रॉक कॅफेत, म्हणजे रॉक संगीताच्या थीमवरच्या रेस्टॉरंटात, जेवायला गेलं की मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि भिंतीवरच्या नामवंत कलाकारांच्या गिटारी बघता बघता बर्गर गार होतो. त्यावर हा साधा उपाय.

१. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जा. गर्दी कमी असते, त्यामुळे टेबल निवडता येतं.

२. दाखवलेल्या टेबलावर लगेच बसू नका. आधी छताकडे बघा. स्पीकर डोक्यावरच असेल तर "थोडं शांत टेबल मिळेल का?" असं सरळ विचारा. कोपऱ्यातला बूथ (उंच पाठीच्या बाकांचं टेबल) मिळाला तर उत्तम.

३. ऑर्डर दिल्यावर फेरफटका मारा, जेवण आल्यावर नाही. एकाने टेबल सांभाळायचं, बाकीच्यांनी जॅकेटं, गिटारी आणि त्यांखालच्या पाट्या वाचून यायचं. (आमच्याकडे टेबल सांभाळायचं काम नेहमी माझ्याच वाट्याला येतं, ते सोडा.)

४. बिल आलं की 'ग्रॅच्युइटी' (इथे अर्थ टिप) किंवा 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ शोधा. पर्यटकांच्या ठिकाणी किंवा मोठ्या ग्रुपला टिप कधीकधी आधीच लावलेली असते, तरी खाली टिपची जागा रिकामीच दिसते. ८० डॉलरवर १८ टक्के म्हणजे १४.४० डॉलर, नजरचुकीने तेच दोनदा जातात.

एक मात्र लक्षात ठेवा: ती ओळ नसेल, तर टिप द्यायचीच. आणि मेन्यूतल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो.