स्क्रीनवर भलताच अलार्म दिसतोय? शोध पीएलसीच्या बिटापासून सुरू करा

अलार्म येतच नाही, भलताच येतो, किंवा आलेला जात नाही. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतून मला एचएमआयचे (मशीनवरच्या ऑपरेटर स्क्रीनचे) जे फोन येतात, ते बहुतेक या तीनपैकी एका तक्रारीचे असतात. मी पोचेपर्यंत कोणीतरी स्क्रीनचा प्रोजेक्ट उघडून मेसेजच्या यादीत फेरफार केलेले असतात. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. मेसेज हा साखळीतला शेवटचा दुवा आहे. सेन्सर, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) इनपुट, लॉजिक, अलार्मचा बिट (० किंवा १ ची खूण), तो बिट ज्या वर्डमध्ये (सोळा बिटांच्या गटात) बसतो तो वर्ड, स्क्रीनचा टॅग (पीएलसीतला पत्ता वाचणारं नाव) आणि मग मेसेज. याच क्रमाने चालत गेलात तर दोष जिथे आहे तिथेच सापडेल.

हात लावण्याआधी दोन कामं करा. पीएलसी आणि स्क्रीन दोन्हींचा बॅकअप घ्या. अनेक पॅनलमधून प्रोजेक्ट परत काढता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल कोणाकडे आहे ते आधी विचारा आणि मिळेपर्यंत डाऊनलोड मारू नका. दुसरं, लॉजिक वाचून खात्री करा की मशीन बंद करणारी प्रत्येक ट्रिप पीएलसीत किंवा हार्डवायरिंगमध्ये आहे, स्क्रीनच्या भरवशावर नाही. स्क्रीनची केबल तुटली तरी कॉम्प्रेसर थांबायलाच हवा. तसं नसेल तर अलार्मचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते नीट करा.

आता ऑनलाइन जा, म्हणजे लॅपटॉप पीएलसीला जोडा. वॉच टेबलमध्ये (चालू किमती दाखवणाऱ्या यादीत) तो बिट लावा आणि फील्डमधून फॉल्ट द्या. म्हणजे प्रॉडक्शनला विचारून, मशीन थांबलेलं असताना, ओव्हरलोड रिलेचं टेस्ट बटण दाबा किंवा प्रेशर स्विचची वायर टर्मिनलवरून काढा. चालू प्लांटवर इनपुट फोर्स (सॉफ्टवेअरमधून जबरदस्तीने ० किंवा १) करू नका. बिट बदललाच नाही, तर स्क्रीनचा काही दोष नाही. बहुतेक वेळा एनसी-एनओची गफलत निघते (एनसी म्हणजे एरवी जोडलेला कॉन्टॅक्ट, एनओ म्हणजे एरवी उघडा). ट्रिपचे कॉन्टॅक्ट एनसीच असावेत, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म येतो. पण मग लॉजिकमध्ये सिग्नल नाहीसा झाल्यावर बिट चढला, म्हणजे १ झाला पाहिजे. कोणीतरी स्विच बदलताना एनओवर जोडला की अलार्म कायम तरी दिसतो, नाहीतर कधीच दिसत नाही.

बिट चढतो, पण स्क्रीनवर काही येत नाही? मग तो किती वेळ चढतो ते बघा. पीएलसीचा स्कॅन काही मिलिसेकंदांचा असतो, तर सीमेन्सच्या पॅनलमध्ये टॅग वाचण्याची वेळ बदलली नसेल तर ती १ सेकंद असते. २०० मिलिसेकंद येऊन गेलेला फॉल्ट स्क्रीनला बहुतेक वेळा दिसणारच नाही. टॅगची वेळ १०० मिलिसेकंद करून पॅनलवर लोड टाकण्यापेक्षा पीएलसीतच बिट लॅच करा (एकदा चढला की चढलेलाच ठेवा) आणि रिसेटने सोडा. माझ्या मते हाच एकमेव धड उपाय आहे.

भलताच अलार्म येण्याच्या प्रकाराला मी सगळ्यात गंभीर मानते, कारण तो ऑपरेटरला चुकीच्या जागी पळवतो. कळमन्याच्या बाजूला मिरचीचं एक कोल्ड स्टोरेज आहे, अमोनियाचा प्लांट. कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि स्क्रीनवर ‘कंडेन्सर पंप ट्रिप’ यायचं. शिफ्टचे काका मला म्हणाले, “मॅडम, पंप तर चालूच आहे, मग हा ट्रिप काहून दाखवून राहिला?” पंपाचा ओव्हरलोड रिले बदलून झाला होता, केबलही तपासली होती. मी ऑनलाइन गेले तर चढलेला बिट होता डीबी (डेटा ब्लॉक) १० चा ०.२ (बाइट ०, बिट २), म्हणजे कॉम्प्रेसरचं ऑइल प्रेशर लो. स्क्रीनवर मात्र अलार्म वर्डच्या १० नंबरच्या बिटाचा मेसेज येत होता. पंपात दोष नव्हताच; तेलाचा फिल्टर चोक झाला होता, आणि तिकडे कोणाचं लक्षच जात नव्हतं.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. सीमेन्सचा पीएलसी वर्ड साठवताना मोठ्या किमतीची बाइट आधी ठेवतो. डीबीच्या ० नंबरच्या वर्डमध्ये बाइट ० ही वरची आणि बाइट १ ही खालची. स्क्रीन मात्र वर्डचे बिट उजवीकडून ० ते १५ मोजते. म्हणून स्क्रीनचा बिट ० म्हणजे पीएलसीतला १.०, बिट ७ म्हणजे १.७, बिट ८ म्हणजे ०.०, आणि बिट १० म्हणजे ०.२. लॉजिक लिहिणाऱ्याने पहिला फॉल्ट ०.० वर ठेवला आणि स्क्रीन करणाऱ्याने बिट ० वर, की अख्खी यादी आठ घरं सरकते: पहिले आठ पुढे, नंतरचे आठ मागे. नवीन काम असेल तर सीमेन्सच्या एस७-१२०० किंवा १५०० मध्ये वर्डचा टॅग घेऊन स्लाइस ॲक्सेसने (वर्डमधला एकेक बिट थेट गाठून) बिट लिहा. तिथला एक्स० आणि स्क्रीनचा बिट ० एकच असतो. जुन्या प्लांटमध्ये चालू लॉजिकला हात न लावता स्क्रीनकडचे बिट नंबर बदलणं जास्त सुरक्षित. डेल्टा, मित्सुबिशी किंवा ॲलन-ब्रॅडलीच्या रजिस्टरमध्ये ही अदलाबदल सहसा भेटत नाही.

यावरून एक पक्की खूण मिळते. अलार्म किती घरं सरकला ते मोजा. आठ घरं सरकला तर बाइटची अदलाबदल. एकच घर सरकला तर मॉडबसची (यंत्रांमधल्या संवादाच्या पद्धतीची) कॉइल, म्हणजे एका बिटाचा पत्ता, किंवा नंबरिंग ० पासून की १ पासून, हा गोंधळ. सोळा घरं सरकला तर अख्खा एक वर्ड चुकलाय. मॉडबसवर ४०००१ म्हणजे प्रत्यक्षात पत्ता ०, आणि एका बाजूने ० धरला, दुसऱ्या बाजूने १, की हेच होतं. कुठलाच हिशेब जुळत नसेल तर कोणीतरी डीबीच्या मध्ये नवीन व्हेरिएबल घुसवलंय आणि पुढचे सगळे पत्ते हललेत. राखीव जागा नेहमी शेवटी ठेवा.

संपर्कच नसेल तर सगळे टॅग हॅश किंवा शून्य दाखवतील, ते लगेच कळतं. दुसऱ्या कंपनीची स्क्रीन एस७-१२०० ला जोडली असेल तर पीएलसीच्या प्रोटेक्शनमध्ये पुट-गेटची (बाहेरून वाचण्या-लिहिण्याची) परवानगी द्यावी लागते आणि डीबीचा ऑप्टिमाइज्ड ॲक्सेस काढावा लागतो. टॅग बरोबर वाचतोय पण यादी रिकामी, तर अलार्म व्ह्यूमध्ये तो क्लास (अलार्मचा प्रकार) निवडलाय का ते बघा. एरर दाखवायचं आणि वॉर्निंग लपवायचं सेटिंग फार ठिकाणी सापडतं.

न जाणाऱ्या अलार्मबद्दल एवढं लक्षात ठेवा: ॲक मारणं (अलार्म पाहिल्याची पोच देणं), लॅच रिसेट करणं आणि मशीन पुन्हा सुरू करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बटणात तिन्ही कोंबू नका. एका लाइनवर दोन स्क्रीन असतील तर बिटांवरच्या अलार्मचा ॲक एकीवर मारल्याने दुसरीवर जात नाही. त्यासाठी ॲकचा टॅग पीएलसीतून फिरवावा लागतो.

मे महिन्यात, दुपारचा पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात कंट्रोल पॅनलच्या कपाटातल्या तापमानाचा अलार्म मिनिटामिनिटाला येतो-जातो. बऱ्याच स्क्रीनची स्वतःची मर्यादाही ५० अंशच असते, त्यामुळे आधी पॅनलचा पंखा, फिल्टर आणि एसी बघा. मग सेटपॉइंट ५० असेल तर २ अंशांचा हिस्टेरेसिस द्या, म्हणजे ४८ च्या खाली गेल्यावरच अलार्म जाईल, आणि काही सेकंदांचा ऑन-डिले लावा. ऑइल प्रेशरसारख्या ट्रिपवर मात्र विचार न करता डिले वाढवू नका.

फालतू अलार्म काढायला मी दर वेळी भांडते. १९९४ च्या जुलैमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. दहा मिनिटांत एखादा अलार्म, एवढाच भार ऑपरेटरला पेलतो, असं ईईएमयूए १९१ ही अलार्म व्यवस्थेवरची मार्गदर्शिका सांगते. ‘पंप चालू झाला’ हा अलार्म नाही. जो वाचून ऑपरेटरला काहीच करायचं नसतं, तो इव्हेंट लॉगमध्ये टाका.

वेळेचंही बघा. विदर्भातल्या जिनिंग मिल सीझन संपला की महिनोन्‌महिने बंद असतात. एस७-१२०० चं घड्याळ वीज नसताना साधारण २० दिवस टिकतं, ४० अंशांत किमान १२. सीझनच्या पहिल्या दिवशी घड्याळ लावलं नाही तर अलार्मचा इतिहास वाचून काही उपयोग नाही. वेळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकत असेल तर टाइमझोनचं सेटिंग राहिलंय.

शेवटी मेसेज. ‘फॉल्ट १७’ लिहू नका. ‘कॉम्प्रेसर २ – ऑइल प्रेशर कमी – फिल्टर व तेलाची पातळी बघा’ असं लिहा, टॅग नंबरसकट. मराठीत लिहाच, पण काही जुन्या पॅनलवर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून ‘ट्रिप’, ‘स्थिती’, ‘कार्य’ असे शब्द प्रत्यक्ष पॅनलवर उमटवून बघा; सिम्युलेशनवर विश्वास ठेवू नका. मग यादी छापा, एकेक फॉल्ट फील्डमधून द्या, आणि शिफ्टच्या ऑपरेटरला शेजारी उभं करून त्याच्याकडून मेसेज वाचून घ्या. तो वाचून योग्य मशीनकडे गेला तरच त्या ओळीपुढे बरोबरची खूण करा.