भरलेला दात उंच लागत असेल तर

सिमेंट भरलेला किंवा कॅप बसवलेला दात तोंड मिटताना इतर दातांच्या आधी टेकत असेल, तर चावण्याचा भार त्या एकट्यावर येतो, आणि मुळाभोवतीचे नाजूक तंतू दुखावल्यामुळे ज्वारीच्या भाकरीचा मऊ घासही नकोसा होतो. खालच्या जबड्यात दिलेल्या इंजेक्शनची बधिरता काही तास टिकते. त्यामुळे दवाखान्यात ‘बरोबर वाटते’ असे सांगून निघालेल्या माणसाला खरा प्रकार बहुधा गावी परतून जेवायला बसल्यावर कळतो. तालुक्याला पुन्हा जाण्यात दिवसाची मजुरी बुडते, हे खरे आहे. तरीही दोन-तीन दिवसांत दुखणे उतरले नाही तर जावे आणि घरी कानस मुळीच लावू नये.

चावताना कळ येते की चावलेला घास सोडताना, हे आधी नीट पाहून ठेवावे, कारण सोडताना येणारी कळ दाताला तडा गेल्याचे लक्षण असू शकते.

आडवे झोपल्यावर जबडा किंचित मागे सरकतो, म्हणून सरळ बसवूनही तपासावे, अशी विनंती डॉक्टरांना अवश्य करावी. डॉक्टर दात कोरडे करून मध्ये रंगीत कागद धरतात; दात जिथे टेकतो तिथे त्याचा डाग उमटतो. तेव्हा प्रथम मागचे दात हलकेच टेकवावेत, मग ते टेकलेले ठेवून जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे सरकवावा. मधोमध पांढरे राहिलेले निळे कडे दिसल्यास तेथे दाब अधिक असण्याची शक्यता असते, मात्र केवळ डागाच्या आकारावरून दाब ठरत नाही. म्हणून ‘अजून इथेच आधी लागते’ हे रुग्णाने संकोच न करता सांगावे. बारीक बरने (दात घासण्याच्या यंत्राच्या फिरत्या टोकाने) शक्यतो भरलेल्या भागाचाच पातळ थर काढावा, पुन्हा कागद धरावा आणि शेवटी पॉलिश करावे. नैसर्गिक दातावरचे कवच एकदा घासले की पुन्हा वाढत नाही.

आपल्याकडे खर्ऱ्यातील (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातील) सुपारी दिवसभर चघळल्याने झिजलेले दात नेहमी दिसतात; तेथे आणखी घासून उपयोग नाही, खर्राच सोडावा लागतो. रात्री दात खाण्याची सवय असेल, तर मापाची संरक्षक पट्टी बनवून घ्यावी. केवळ जबड्याचा सांधा दुखतो म्हणून कोणी निरोगी दात घासायला सांगितल्यास, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

चावा जुळवल्यानंतरही दुखावलेला दात काही दिवस हळवा राहतो, तोवर दुसऱ्या बाजूने चावावे. गालावर सूज किंवा ताप आल्यास मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.