नेपाळला निघायच्या आधी: मतदान कार्ड, मग बाकीचं

हरभरा-गहू घरात आला की गावोगावचे नेपाळचे गट ठरायला लागतात. लुंबिनी, पशुपतिनाथ, पोखरा, जमलं तर मुक्तिनाथ. फाल्गुन-चैत्र हाच काळ धरा. पौषात तराईतलं, म्हणजे नेपाळच्या सीमेलगतच्या सखल पट्ट्यातलं, धुकं गाड्या तासन् तास रखडवतं आणि मुक्तिनाथकडं बर्फ असतो.

पहिलं काम मूळ मतदान कार्ड. व्हिसा लागत नाही, म्हणून ‘आधार आहे ना’ म्हणत लोक निघतात, तिथंच फसतात. १५ ते ६५ वयाच्या माणसाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं कार्ड, दोन्हीपैकी एक लागतंच. आधार चालतो तो १५ च्या आतल्या लेकरांना आणि ६५ च्या वरच्यांना. पंधरा ते अठराच्या पोरापोरींकडं मतदान कार्ड नसतंच. त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांचं ओळख प्रमाणपत्र घ्या. झेरॉक्स नको, मोबाइलमधला फोटो नको. मूळ कार्ड.

आणि ‘आहे घरी’ या उत्तरावर भागवू नका. पेटीतून काढायला लावा, हातात घेऊन पाहा. जुन्या काळ्या-पांढऱ्या कार्डात प्लास्टिकच्या आत ओल शिरते, फोटोत नुसता काळा डाग उरतो. बायांच्या कार्डावर माहेरचं नाव, आधारावर सासरचं. काहींचं कार्ड अजून माहेरच्याच मतदारसंघात. दुरुस्ती, पत्ताबदल, हरवलेलं कार्ड, सगळ्याला नमुना ८ भरावा लागतो, बीएलओकडं (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा कर्मचारी) किंवा ऑनलाइन. कार्ड पोस्टानं येतं, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा.

सोनौलीला, म्हणजे गोरखपूरकडून नेपाळात शिरायच्या सीमेवर, पायी जाणाऱ्याला कित्येकदा कोणी काही विचारत नाही, म्हणून कार्डाची गरज नाही असं सांगणारे भेटतात. ऐकू नका. हॉटेलात, सिमकार्ड घेताना, विमानतळावर कार्ड मागतात. देशांतर्गत विमानात भारतीयांचं भाडं वेगळं, परदेशी लोकांपेक्षा कमी असतं. तेही कार्ड दाखवल्यावरच मिळतं. एकाच्या कार्डापायी अख्ख्या गटाचा दिवस जातो. यादीत प्रत्येक नावापुढं ‘कार्ड पाहिलं’ अशी खूण करा. ‘आहे म्हणाले’ यावर खूण करायची नाही. तिथं हरवलंच तर काठमांडूला लैनचौरात भारतीय दूतावास आहे.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नागपूर किंवा बल्लारशावरून राप्तीसागर थेट गोरखपूरला नेते. पुढं सोनौली शंभरेक किलोमीटर, बस मिळते.

पैसे: शंभरच्या नोटांच्या गड्ड्या न्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या; आता चालतात असं कोणी म्हणालं तरी दुकानदार घेईल या भरवशावर पाचशेच्या नोटा नेऊ नका. शंभर भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर पक्का आहे. भाव ऐकला की ‘आयसी की एनसी’ विचारा, म्हणजे भारतीय रुपयात की नेपाळी. न विचारता पैसे दिले तर दीडपटीहून जास्त जातात. यूपीआय २०२४ पासून तिथल्या बऱ्याच क्यूआरवर चालतं, पण अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावा लागतो. इकडचं सिम रोमिंगशिवाय तिथं मुकं होतं, ओटीपीही येत नाही. रोमिंग गावातूनच सुरू करा.

शिदोरीला जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, तिखट-मीठ. गॅसचं सिलिंडर गाडीत चालत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या, वर आठवड्याच्या जादा, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.

लुंबिनीचा परिसर जवळपास पाच किलोमीटर लांब आहे, म्हाताऱ्यांसाठी ई-रिक्षा करा. मायादेवी मंदिरात फोटो काढू देत नाहीत. पशुपतिनाथला चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेता येत नाही. आधीच कापडी पिशवी घ्या.

मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, पोखरा साधारण ८००. एका दिवसात जीपनं चढवाल तर डोकं ठणकेल, ओकाऱ्या होतील. वाटेतल्या जोमसोम किंवा कागबेनीला रात्र काढा. त्रास वाढला की लगेच खाली उतरायचं, दर्शन राहिलं तरी. हृदयाचा, दम्याचा आजार असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाव देऊ नये. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, त्याचा परवाना पोखऱ्याला काढा. तिथंही ओळखपत्र, म्हणजे तेच कार्ड. शनिवारी सरकारी कार्यालयं बंद असतात.

परतीत ब्लँकेटं, इलेक्ट्रॉनिक सामान जपून घ्या, कस्टमवाले पिशव्या उघडतात. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं; गोरखपूरच्या गाडीची वेळ आपल्या घड्याळानं धरा, आणि सोनौली दुपारच्या आत सोडा.