आधी एक पावसाळा, मग आराखडा

कोल्हापूरपासून ५५ किलोमीटरवर गगनबावड्याच्या अंगाला आमचं शेत आहे. तिथल्या उतारावर आम्ही सहा माणसांसाठी घर बांधलं. आता तिकडं कुणी घर बांधायला निघालं की मी एकच आग्रह धरते: कागदावर रेघ मारण्याआधी जुलैत जागेवर जाऊन या.

जाताना खुंट्या आणि लाल चिंध्या घ्या. ओघळ कुठनं उतरतो, कुठं जमिनीतनंच पाणी उपळतं, तिथं तिथं खुंटी ठोका. आमच्या मामांनी (सासऱ्यांनी) तीन दिवस हेच केलं. मी जिथं स्वयंपाकघर धरलं होतं, नेमक्या तिथंच पाच खुंट्या आल्या. घर वीस फूट सरकवलं.

डोंगर कापून एकच सपाट पटांगण करू नका. पोकलेन दोन दिवसांत ते करून देतो, पण मागं उभी, सुटी माती उरते. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आम्ही घर दोन टप्प्यांत बसवलं. सोप्यातनं स्वयंपाकघरात जाताना तीन पायऱ्या चढायच्या, त्यामुळं खोदाई निम्म्यावर आली. आत्याबाईंच्या गुडघ्यांसाठी त्यांची खोली सोप्यालगतच ठेवली. घरामागं चार फूट मोकळी जागा, तिथं दगडी चर आणि मातीला आधार देणारी भिंत. त्या भिंतीत पाणी निघायला भोकं हवीतच. ती नसली की मागं साठलेलं पाणीच भिंत ढकलतं. चर आम्ही पहिल्यांदा अरुंद काढला होता. पाल्यानं तुंबला आणि एका रात्रीत चूल भिजली. आता त्यात फावडं सहज फिरतं.

पाऊस येतो पश्चिमेकडनं, वाऱ्यावर आडवा. दरीही तिकडंच, म्हणून धाकट्या दिरांना पश्चिमेला भिंतभर काच हवी होती. मी ठाम नाही म्हटलं. त्या बाजूला न्हाणीघर, कोठीची खोली आणि बाहेरनं पडवी घेतली. आढं उत्तर-दक्षिण धरून पश्चिमेचं छप्पर पडवीवर पार साडेसहा फुटांपर्यंत खाली आणलं. कौलांना तीसेक अंशांचा उतार द्या, कमी दिला तर वारा पाणी उलटं आत सारतो. दरीसाठी एकच खोल खिडकी ठेवली. आत्याबाईंना खाटेवर बसवून, त्यांच्या नजरेच्या उंचीला गवंड्यानं खूण केली. सगळ्या घरात मला ती खिडकी सर्वांत आवडते.

जोतं तीन फूट, काळ्या दगडाचं. त्यावर ओल अडवणारा थर आणि मग जांभा. जांभा पाणी पितो, त्याला जमिनीला टेकवू नका. खाणीतनं ताजा निघालेला मऊ असतो, काही महिने उन्हावाऱ्यात ठेवला की टणक होतो.

मोठ्या खिडक्या दक्षिणेला. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य तिकडं ५० अंशांवरच असतो, ऊन सोप्यात आतपर्यंत येतं.

आणि कपडे वाळवायची जागा आराखड्यातच काढा. आम्ही चुलीवरच्या माळ्याला फळ्यांऐवजी पट्ट्या मारल्या, मधे बोटभर फट. धग वर जाते आणि पोरांचे शाळेचे गणवेश सकाळपर्यंत वाळतात.