खुर्चीतल्या नोकरीत पाय हलते ठेवताना

माझं काम हिशेबाचं. मार्चअखेरीला सकाळी बसलेली मी थेट जेवायलाच उठायचे. संध्याकाळी पोटऱ्या जड, घोट्यांवर मोज्यांचे वळ, कंबर धरलेली. सकाळचा फेरफटका चालू असूनही हे होत होतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं: पायांतलं रक्त हृदयाकडे वर ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. तासन् तास बसून राहिलं की ती मदत मिळत नाही.

मग मी उठणं कामालाच बांधून टाकलं. फोन आला की उभं राहून बोलायचं. पाण्याची मोठी बाटली घरी ठेवली आणि टेबलावर छोटं फुलपात्र आणलं; ते रिकामं झालं की उठावंच लागतं. मोबाइलचा गजर मला उपयोगी पडला नाही, हात आपोआप तो बंद करतो. लांबलेल्या मीटिंगमध्ये टेबलाखाली टाचा वर-खाली करत राहते.

सगळ्यात मोठा फरक पडला शतपावलीने. जेवल्यावर सावकाश चाललं तरी स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात; माझी दुपारची पेंग बरीच कमी झाली.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. सलग किमान १० मिनिटांची जुनी अट २०२० मध्ये निघाली, त्यामुळे भरभर चढलेला जिनाही जमेस धरा.

सूज एकाच पायाला असेल आणि दुखत असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.