रोजच्या वापरासाठी वेस्टर्न बूट निवडताना
पारंपरिक वेस्टर्न बुटांना, म्हणजे अमेरिकी काउबॉय घालतात तशा बुटांना, नाडी नसते, त्यामुळे ते नंतर सैल-घट्ट करता येत नाहीत आणि निवडीचा सारा भार मापावर येतो. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना आणि नेहमीचे मोजे घालूनच पायात चढवून पाहावेत. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर पकड घट्ट, पण न रुतणारी असावी. नव्या बुटात टाच किंचित वर सरकते, मात्र तळ वाकू लागला की हे सरकणे कमी होते, तेव्हा तेवढ्यासाठी लहान माप घेऊ नये. बरेच चालायचे असेल, तर दीड इंचाहून उंच, तिरकस टाचेपेक्षा सुमारे एक इंचाची सरळ टाच बरी. निमुळते टोक देखणे खरे, परंतु रुंद पावलांना गोल किंवा चौकोनी टोकच मानवते. उंच बूट घेताना पोटरीचा घेर मोजावा; सरळ जीन्सखाली घोट्यापर्यंतचे बूटही पुरतात. भरतकामाचा मोह आवरणे कठीण असते, तरीही पहिली जोडी साध्या तपकिरी चामड्याची घेतल्यास ती बहुतेक कपड्यांवर शोभते. शिवून बसवलेला तळ झिजल्यावर बदलणे सोपे जाते, हेही खरेदीपूर्वी पाहावे.